गोळी झेपत नाही म्हणून उपचार सोडायचा का?

(चवथीनिमित्त इब्रामपूर येथे झालेल्या महिला मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)

इब्रामपूर हे माझं आजोळ, त्यामुळे इथे पाहुणी म्हणून बोलताना मला थोडं अवघडल्यासारखंच वाटतं. तुम्ही मला डॉक्टर न समजता गावातली भाची समजून ऐका, म्हणजे प्रश्न विचारायलाही संकोच वाटणार नाही. मागच्या बाकांवर काही पुरुष मंडळी आहेत. त्यांनीही उठू नये. हा विषय तुमच्या घरातलाच आहे.

मला ‘रजोनिवृत्ती’ असा विषय दिला आहे. म्हणजे आपल्या भाषेत पाळी जाण्याचा काळ. आपल्या देशात पाळी जाण्याचं सरासरी वय सुमारे ४६ धरतात, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं लवकर. अंगातून वाफा येणं, रात्री घामाने उशी भिजणं, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हे सगळं तुम्ही वाचलेलं आहे. चुलीपुढे किंवा गॅसपुढे नेवऱ्या तळताना घाम चुलीचा की वयाचा हे कळत नाही, असं एक काकी मला म्हणाल्या, ते अगदी खरं आहे. पण आज मी या मोठ्या विषयाचा एकच कोपरा घेणार आहे. त्याच्यापायी अनेक बायका उपचार अर्ध्यावर सोडतात, आणि काही जणी तर नकळत धोका पत्करतात. तो कोपरा म्हणजे प्रोजेस्टेरॉन.

आधी थोडं समजून घेऊ. पाळी जाते तेव्हा बीजकोशांतून येणारी दोन संप्रेरकं कमी होतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. वाफा, घाम, कोरडेपणा हा मुख्यतः इस्ट्रोजेन कमी झाल्याचा परिणाम. म्हणून ज्यांना फार त्रास होतो त्यांना इस्ट्रोजेन बाहेरून देतात, गोळीतून किंवा कातडीवर चोळायच्या जेलमधून. यालाच हार्मोन थेरपी किंवा एचआरटी म्हणतात. मग प्रोजेस्टेरॉन कशाला? तर गर्भाशयासाठी. इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर वाढतं. पावसात अंगणात गवत माजतं तसं ते वाढतच राहतं. त्याला आवर घालण्याचं काम प्रोजेस्टेरॉनचं. हा आवर नसला तर अस्तरात बिघाड होतो आणि पुढे कर्करोगही होऊ शकतो.

हे अनुभवातून कळलेलं आहे. अमेरिकेत १९६० आणि १९७० च्या दशकांत लाखो बायकांनी नुसतं इस्ट्रोजेन घेतलं. १९७५ साली दोन स्वतंत्र संशोधनांत दिसून आलं की त्यांच्यात गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढला आहे. पुढे १९९० च्या दशकात ‘पेपी’ नावाची चाचणी झाली. त्यात ८७५ स्त्रिया होत्या आणि ती तीन वर्षं चालली. गर्भाशय असलेल्या ज्या स्त्रियांना नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांच्या अस्तरात काळजी करण्यासारखी वाढ झाली. ज्यांना सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध दिलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण औषध न घेणाऱ्या स्त्रियांइतकंच, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास राहिलं. म्हणून ज्यांचं गर्भाशय जागेवर आहे त्यांच्यासाठी नियम साधा आहे: इस्ट्रोजेन घ्यायचं तर त्याचा जोडीदारही घ्यायचा.

अडचण इथेच सुरू होते. माझ्याकडे येणाऱ्या बायका सांगतात, “डॉक्टर, जेलने मला नवा जन्म दिला. वाफा गेल्या, झोप लागायला लागली. पण ती दुसरी गोळी सुरू झाली की मी माझी राहत नाही.” कुणाचे स्तन दुखतात, कुणाचं पोट फुगतं, कुणाला सकाळी डोळे उघडत नाहीत. कुणी उगाच रडते, आणि कुणी घरातल्यांवर अशी खेकसते की नंतर स्वतःलाच वाईट वाटतं. महिन्यातले बारा-चौदा दिवस असे गेले तर कोण सहन करील? मग ती बाई मनाशी ठरवते: जेल चांगलं आहे, ते चालू ठेवू, गोळी वाईट आहे, ती बंद करू. आणि हे ती डॉक्टरला सांगत नाही, कारण डॉक्टर रागावतील असं तिला वाटतं. आज मी मुख्यतः हेच सांगायला आले आहे. ही एक गोष्ट करू नका. गोळी झेपत नसेल तर ती बदलता येते. ती गुपचूप टाकून नुसतं इस्ट्रोजेन चालू ठेवण्यापेक्षा दोन्ही औषधांबद्दल डॉक्टरांना फोन केलेला बरा.

आता तुम्ही म्हणाल, हे प्रोजेस्टेरॉन आम्ही कधी घेतलंच नाही. घेतलेलं आहे! चवथ, लग्न, जत्रा, तीर्थयात्रा अशा वेळी पाळी आडवी येऊ नये म्हणून औषधांच्या दुकानातून ज्या गोळ्या आणतात, त्या याच घराण्यातल्या. त्यांचं नाव नॉरएथिस्टेरॉन. पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायच्या, दिवसाला तीन, आणि थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते, हे या सभागृहातल्या निम्म्या बायकांना पाठ असेल. पाळीत देवाचं करावं की नाही, हा वाद मी इथे घालत नाही. तो तुमच्या घरातला प्रश्न आहे. मी एवढंच विचारते की त्या गोळ्या घेताना तुम्हाला कसं वाटलं होतं? डोकं जड झालं होतं का? चिडचिड झाली होती का? ही आठवण पुढे फार उपयोगी पडते. तसंच दर महिन्याला पाळीच्या आधी आठ दिवस ज्यांचं मन खचायचं, किंवा बाळंतपणानंतर ज्यांना उदास वाटलं होतं, त्यांनीही ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. ज्यांचं शरीर या संप्रेरकांच्या चढउताराला हळवं असतं, त्यांना एचआरटीतही हा त्रास होण्याची शक्यता जास्त असते.

आणि ओघाने एक इशारा देते. पाळी पुढे ढकलायच्या त्या गोळ्यांचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनच्या एका प्रकारात बदलतो. ज्यांना पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली आहे, ज्यांना अर्धशिशीचा जोरदार त्रास आहे किंवा ज्या धूम्रपान करतात, त्यांनी त्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. चवथीची मखर-माटोळीची तयारी महिनाभर आधी करता, तर डॉक्टरांना विचारणंही आधीच करा.

प्रोजेस्टेरॉन काही जणींना का झेपत नाही? आपण ते तोंडाने घेतो तेव्हा यकृतातून जाताना त्यातून एक वेगळा पदार्थ तयार होतो. तो मेंदूत नेमका त्याच ठिकाणी काम करतो जिथे झोपेच्या गोळ्या काम करतात. बहुतेक जणींना त्याने गुंगी येते, शांत झोप लागते. पण काही जणींवर त्याचा उलटा परिणाम होतो. त्या बेचैन होतात, चिडतात. हा मनाचा कमकुवतपणा नाही, आणि ‘हिला नाटकं करायची सवयच आहे’ असं घरच्यांनी म्हणू नये. एकाच गोळीने सासूला झोप लागते आणि सुनेला रात्रभर जाग येते, असंही होतं.

आता उपाय. डॉक्टरांशी बोलून चार गोष्टी बदलता येतात. मी त्यांना वेळ, वाट, जात आणि वेळापत्रक अशी नावं देते.

पहिली वेळ. शरीरातल्या प्रोजेस्टेरॉनसारखंच रेणू असलेलं जे औषध मिळतं, ते रात्री झोपताना घ्यायचं. सकाळी घेतलं तर दिवसभर पेंग येते आणि स्कूटर चालवणं धोक्याचं ठरतं. भरल्या पोटी घेतलं तर ते जास्त प्रमाणात शोषलं जातं आणि गुंगीही वाढते, म्हणून जेवणानंतर थोडा वेळ जाऊ द्यावा. एवढ्यानेच काही जणींचा प्रश्न सुटतो.

दुसरी वाट. हीच कॅप्सूल तोंडाने न घेता योनीमार्गात ठेवता येते. तिथून ती सरळ गर्भाशयापर्यंत पोचते, यकृताला वळसा पडतो आणि तो गुंगी आणणारा पदार्थ कमी तयार होतो. आपल्याकडे गर्भ टिकवण्यासाठी डॉक्टर ही कॅप्सूल अशी वापरायला सांगतात, त्यामुळे ही कल्पना नवी नाही. एचआरटीसाठी मात्र तोंडाने घेण्याच्या मात्रेवर जेवढा दीर्घ अभ्यास झाला आहे तेवढा या वाटेवर झालेला नाही, म्हणून मात्रा आपल्या मनाने ठरवू नये. मधूनमधून सोनोग्राफीने अस्तराची जाडी बघावी.

याच वाटेवरचा आणखी एक पर्याय म्हणजे हार्मोनची तांबी. आकाराने ती आपल्या नेहमीच्या तांबीसारखीच असते, फक्त तांब्याऐवजी तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं औषध असतं. ते गर्भाशयात थोडं थोडं झिरपतं, रक्तात फारच कमी जातं. एचआरटीसाठी ती साधारण पाच वर्षं चालते. पाळी जाण्याच्या काळात ज्यांना अंगावरून फार जातं, त्यांचा तो त्रासही कमी होतो, आणि अजून दिवस राहण्याची शक्यता असेल तर संततिनियमनही होतं. सुरुवातीचे काही महिने डाग पडत राहतात, हे आधीच सांगून ठेवते. थोड्या जणींना तीही मानवत नाही.

तिसरी जात. प्रोजेस्टेरॉनसारखी काम करणारी औषधं अनेक आहेत आणि ती सारखी नाहीत. डायड्रोजेस्टेरॉन हे त्यातलं एक. त्यातून तो गुंगीचा पदार्थ तयार होत नाही, म्हणून ज्यांना प्रोजेस्टेरॉनने सुस्ती किंवा उदासी येते, त्यांतल्या काहींना ते बरं वाटतं. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा कल पुरुषी संप्रेरकाकडे असतो, म्हणून त्याने काही जणींना मुरुमं येतात, कातडी तेलकट होते. तर काही जणींना तेच सगळ्यांत चांगलं मानवतं. भाजी कोणत्या घरात कशी करतात तसं आहे, एकीच्या घरची चव दुसरीला रुचेलच असं नाही. टिबोलोन नावाची एक वेगळी गोळीही आहे. तिच्या एकीतच दोन्ही कामं होतात, पण ती पाळी जाऊन वर्ष झाल्यावरच देतात.

चौथं वेळापत्रक. प्रोजेस्टेरॉन महिन्यातले बारा ते चौदा दिवस २०० मिलिग्रॅम देता येतं, किंवा रोज १०० मिलिग्रॅम. पहिल्या पद्धतीत पाळीसारखा रक्तस्राव होतो. दुसऱ्या पद्धतीत काही महिन्यांनी तो थांबतो. पाळी अजून अधूनमधून येते तोवर बहुधा पहिली पद्धत वापरतात, आणि पाळी जाऊन वर्ष झालं की दुसरी. ज्यांना चढउतार सोसत नाही त्यांना रोजची लहान मात्रा बरी पडते. ज्यांना रोजचाच त्रास नको वाटतो त्यांना महिन्यातले मोजके दिवस बरे वाटतात. आपण कुठल्या गटातल्या हे बदलून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि प्रत्येक बदलाला दोन-तीन महिने द्यावे लागतात.

आता मनातली मोठी भीती बोलते. “हार्मोनने स्तनाचा कर्करोग होतो.” हे वाक्य २००२ च्या जुलैमध्ये जगभर पोचलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत १६,६०८ स्त्रियांवर घोड्याच्या मूत्रापासून मिळवलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन नावाचं कृत्रिम प्रोजेस्टेरॉन या जोडीची तपासणी चालू होती. सरासरी पाच वर्षांनी ती थांबवली गेली, कारण दर वर्षी दहा हजार स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाचे आठ रुग्ण जास्त दिसत होते. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, ही गोष्ट मात्र मथळ्यांत आली नाही. ज्यांचं गर्भाशय काढलेलं होतं आणि ज्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात ती वाढ दिसली नाही. म्हणजे जोडीदार कोणता, यालाही महत्त्व होतं.

पुढे फ्रान्समध्ये सुमारे ऐंशी हजार स्त्रियांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली, त्यात शिक्षिकांचा भरणा मोठा होता. त्यात असं दिसलं की प्रोजेस्टेरॉन किंवा डायड्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत धोका इतर कृत्रिम प्रकारांपेक्षा कमी होता. दीर्घकाळ घेणाऱ्यांत थोडी वाढ त्यांच्यातही दिसली. म्हणून मी ‘काहीच होत नाही’ असं कधी म्हणत नाही. मी म्हणते, प्रकार समजून घ्या, त्रास होत असेल तेवढाच काळ घ्या, दर वर्षी स्वतःच्या औषधाचा फेरविचार करा, आणि स्तनांची तपासणी चुकवू नका.

आपल्या मातीतली एक गोष्ट सांगते. थंडीत आपण कारांदे आणि कणगी उकडून खातो. त्यांचं कुळ शास्त्रात डायोस्कोरिया म्हणतात. याच कुळातल्या मेक्सिकोच्या रानटी कंदापासून रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात प्रोजेस्टेरॉन बनवलं. तोपर्यंत ते जनावरांच्या बीजकोशांपासून थेंबाथेंबाने मिळत होतं आणि सोन्यापेक्षा महाग होतं. १९५१ साली मेक्सिकोतच नॉरएथिस्टेरॉन तयार झालं, म्हणजे चवथीच्या त्या गोळीचं मूळही तिथलंच. पण म्हणून ‘रानकंदाचं क्रीम लावा, नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन मिळेल’ अशा जाहिरातींना भुलू नका. कंदातल्या त्या पदार्थाचं प्रोजेस्टेरॉन प्रयोगशाळेत होतं, आपल्या शरीरात होत नाही. आणि प्रोजेस्टेरॉनचं खरं क्रीम असलं तरी कातडीतून ते अस्तराला पुरेसं संरक्षण देत नाही. कारांदे मात्र चवीने जरूर खा.

डॉक्टरकडे जाताना काय न्यावं? एक छोटी वही. रोज एक ओळ: आज कोणतं औषध घेतलं, झोप कशी लागली, मन कसं होतं, रक्त गेलं का. दोन महिन्यांची अशी वही पाहिली की त्रास गोळीच्या दिवसांत वाढतो का हे पटकन कळतं. कधी कधी दोष गोळीचा नसतो. थायरॉइड बिघडलेलं असतं, रक्त कमी असतं, किंवा घरात आजारपण, मुलांची काळजी चालू असते. पेडण्यातल्या बायकांना कासारवर्ण्याचं आरोग्य केंद्र जवळ आहे, पुढे म्हापशाचं जिल्हा रुग्णालय आणि बांबोळीचं गोमेकॉ आहे. लांब जायचं असलं म्हणून सांगणं टाळू नका, आणि सोबत वहीही न्या.

मराठीत या गोष्टी बोलायला र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. त्याला शंभर वर्षं होत आली. आता आपण आपल्या सुनांशी आणि नवऱ्यांशी एवढं तरी मोकळेपणाने बोलूया. आता तुमचे प्रश्न घेते.

श्रोत्यांचे प्रश्न

माझी पिशवी दहा वर्षांपूर्वी काढली आहे. मला प्रोजेस्टेरॉन लागेल का?
बहुतेकांना लागत नाही, कारण ज्या अस्तराची काळजी आहे ते राहिलेलंच नसतं. पिशवी कशासाठी काढली, हे मात्र डॉक्टरांना सांगा. एन्डोमेट्रिऑसिससारख्या आजारात कधी कधी ते देतात. आणि ओघाने सांगते, विनाकारण पिशवी काढून घेऊ नका. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची पिशवी काढल्याची माहिती २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या विधान परिषदेत दिली गेली. त्यांत ऊसतोडणीला जाणाऱ्या बायका बऱ्याच होत्या. सोबत बीजकोशही काढले तर लहान वयात एकदम रजोनिवृत्ती येते, आणि ती फार त्रासाची असते.

मला फक्त कोरडेपणा आणि लघवीची जळजळ आहे. त्यासाठीही दोन औषधं?
नाही. त्यासाठी योनीमार्गात लावायचं अगदी कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम किंवा गोळी पुरते. सांगितलेल्या मात्रेत वापरलं तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही.

पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि आता एकदम डाग दिसला. थांबून बघू का?
थांबू नका. हार्मोन घेत असा वा नसा, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव तपासून घ्यायलाच हवा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण ते तपासल्यावरच कळतं. चवथ आहे, पाहुणे आहेत, तुळशीच्या लग्नानंतर बघू, असं करू नका.

हे सगळं कुणी घेऊच नये?
ज्यांना स्तनाचा कर्करोग झालेला आहे, गुठळीचा किंवा यकृताचा गंभीर आजार आहे, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होतो आहे, त्यांनी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. वाफांसाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत. आणि त्रासच नसेल तर शेजारीण घेते म्हणून घ्यायची गरज नाही.